शुगरवाल्यांची किडनी आणि बीपीची गोळी: कुठली, किती, कधी तपासायचं आणि कधी थांबवायचं

"बीपीच्या गोळ्या खाऊन खाऊनच त्यांची किडनी गेली म्हणे." निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, कुठंही जावा, हे वाक्य ऐकायला मिळतंच, आणि मेडिकलच्या काउंटरवर उभं राहणाऱ्या माझ्यासारख्याला तर जरा जास्तच. गंमत अशी की ज्या गोळ्यांवर हा आळ येतो, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, त्याच गोळ्या शुगरवाल्याची किडनी टिकवायला जगभर पहिल्यांदा दिल्या जातात. आळ का येतो त्यालाही कारण आहे, ते क्रिएटिनिनच्या भागात सांगतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, डोस ठरवणं माझं काम नाही आणि वाचणाऱ्याचंही नाही. पण कुठली गोळी कशासाठी आहे, कधी रक्त तपासायचं आणि कुठल्या दिवशी ती घ्यायची नाही एवढं पेशंटला आणि घरच्यांना माहीत पाहिजेच.

आधी दोन तपासण्या, एक नाही

आपल्याकडं किडनी तपासली म्हणजे क्रिएटिनिन केलं असं समजतात. क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते ती रक्तातली घाण, आणि तो आकडा बिघडतो बऱ्याच उशिरा. शुगरनं किडनीला धक्का बसायला लागला की सगळ्यात आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन थोडं थोडं गळायला लागतं, तेव्हा क्रिएटिनिन एकदम नॉर्मल असतं, पायाला सूज नसते, लघवीला फेस नसतो, काहीच नसतं. म्हणून लॅबमध्ये सांगताना "लघवीचा एसीआर" असं सांगायचं, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. साधी लघवी रुटीन केली तर ही सुरुवातीची गळती त्यात दिसत नाही. सकाळची पहिली लघवी दिली तर उत्तम.

एसीआर (मिलिग्रॅम/ग्रॅममध्ये) ३० च्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे चांगलीच वाढली. पण एका रिपोर्टवर घाबरून जायचं नाही, कारण ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळीचे दिवस, आदल्या दिवशीची जास्त अंगमेहनत, खूप वाढलेली शुगर किंवा बीपी, या सगळ्यानं आकडा तात्पुरता चढतो. ३ ते ६ महिन्यांत ३ वेळा करून २ वेळा जास्त आला तर तो खरा धरतात.

दुसरी तपासणी रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगानं गाळते त्याचा अंदाज. हा ६० च्या खाली ३ महिन्यांपेक्षा जास्त राहिला तर किडनीचा आजार धरतात. नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, ७० वर्षांच्या बारीक म्हातारीचं १.२ आणि ३० वर्षांच्या पैलवानाचं १.२ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाइप २ शुगर असेल तर निदान झालं त्याच वर्षी या दोन्ही तपासण्या करायच्या, टाइप १ ला ५ वर्षांनंतर सुरू करायच्या, आणि मग दरवर्षी. शुगरच्या फाईलमध्ये एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचे) रिपोर्ट गठ्ठ्यानं सापडतात, एसीआर एकही नसतो, हे मी नेहमी बघतो.

घरी बीपी नीट मोजा, नाहीतर पुढचं सगळं चुकणार

दवाखान्याचे जिने चढून, बाहेर तासभर नंबरची वाट बघून, आत गेल्या गेल्या मोजलेलं बीपी जास्त येणारच. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, छोट्या पट्ट्यात बीपी जास्त दाखवतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, विडी नाही, तंबाखू नाही, मिश्री पण नाही, आणि आमच्या तंबाखूच्या गावात हे सांगणं सोपं आहे, पाळायला लावणं अवघड. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून ५ मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला. सकाळी गोळी घ्यायच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा, असं ७ दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवायची.

शुगर आणि किडनी दोन्ही असेल तर साधारण १३०/८० च्या खाली ठेवायचं बघतात. किडनीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये, केडिगोच्या २०२१ च्या, वरचं बीपी १२० च्या खाली असं आहे, पण ते काटेकोर पद्धतीनं मोजलेल्या बीपीसाठी आणि ज्याला सोसतंय त्याच्यासाठी. जुन्या शुगरवाल्यांच्या नसा बधिर झालेल्या असतात, बसून बीपी १४० असतं आणि उठून उभं राहिलं की ११० होऊन डोळ्यापुढं अंधारी येते. म्हणून वयस्कर माणसाचं उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी पण मोजा. १२० च्या मागं लागून आजोबा न्हाणीघरात पडले आणि खुबा मोडला तर त्या १२० चा काय उपयोग.

प्रिल आणि सार्टन: बाकी गोळ्यांपेक्षा वेगळं काय

किडनीत लाखो बारीक गाळण्या आहेत. प्रत्येक गाळणीत रक्त आत यायची नळी असते आणि बाहेर जायची. शुगरमध्ये अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य बाहेर जायची नळी आवळतं, त्यामुळं आतलं प्रेशर वाढतं. उसाच्या ड्रिपला फिल्टर असतो त्याच्यात प्रेशर सतत जास्त ठेवलं तर जाळी ढिली पडून कचरा पुढं जातो, तसं प्रोटीन लघवीत येतं. प्रिल (नाव "प्रिल"नं संपतं त्या, रामिप्रिल, एनालाप्रिल) आणि सार्टन (टेल्मिसार्टन, लोसार्टन) ती बाहेरची नळी सैल करतात. म्हणजे दंडावरचं बीपी तर उतरतंच, पण गाळणीतलं प्रेशर वेगळं उतरतं, आणि खरा फायदा तिथं आहे.

हे अंदाजानं म्हणत नाही. १९९३ मध्ये टाइप १ शुगरच्या ४०९ पेशंटवर कॅप्टोप्रिल वापरून बघितलं, क्रिएटिनिन दुप्पट होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. २००१ मध्ये टाइप २ साठी दोन मोठे अभ्यास आले. लोसार्टनच्या अभ्यासात १५१३ पेशंट होते, किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. इर्बेसार्टनच्या अभ्यासात १७१५ पेशंट होते आणि तो मला सगळ्यात पटतो, कारण त्यात समोर अम्लोडिपिन ही दुसऱ्या प्रकारची बीपीची गोळी ठेवली होती. दोन्हीकडं बीपी जवळपास सारखंच उतरलं, पण किडनी इर्बेसार्टनवाल्यांचीच जास्त टिकली.

म्हणून काउंटरवर जेव्हा कोणी म्हणतं, "बीपी आता १२०-८० आलंय की, मग गोळी कशाला खायची?" तेव्हा माझं उत्तर ठरलेलं: ते १२०-८० गोळीमुळं आलंय, आणि लघवीतून प्रोटीन जात असेल तर ही गोळी नुसत्या बीपीसाठी नाहीच. उलट्या बाजूनं, ज्याला शुगर आहे पण बीपी नॉर्मल, एसीआर नॉर्मल, ईजीएफआर पण नॉर्मल, त्यानं शेजाऱ्याचं ऐकून किडनीसाठी म्हणून सार्टन सुरू करायची काही गरज नाही, त्याचा फायदा दिसलेला नाही.

डोसचं पण सांगतो. त्या अभ्यासात लोसार्टन १०० मिलिग्रॅमपर्यंत आणि इर्बेसार्टन ३०० पर्यंत नेलं होतं. आपल्याकडं टेल्मिसार्टन २० किंवा ४० वर सुरू होतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं कारण बीपी ठीक आहे. प्रोटीन अजून जात असेल, बीपी आणि पोटॅशियम परवानगी देत असेल तर डॉक्टर हळूहळू सोसेल तेवढा पूर्ण डोस करतात. "एसीआर अजून जास्त आहे, डोस वाढवायचा का?" हे आपणहून विचारा. सकाळी घ्यायची की रात्री यावर बरेच वाद झाले, २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१ हजारांवर लोकांच्या अभ्यासात काही फरक दिसला नाही, ज्या वेळेला आठवण राहते ती वेळ चांगली.

सुरू केल्यावर २ ते ४ आठवड्यांनी रक्त: ही पायरी सगळे चुकवतात

गोळी सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, आणि सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत परत तेच. ही दुसरी तपासणी न करता महिनोन्महिने तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या नेणारे ढिगानं आहेत.

आता तो आळ. गाळणीतलं प्रेशर कमी केलं की गाळायचा वेग सुरुवातीला जरा उतरतो, म्हणून क्रिएटिनिन थोडं चढतं. हे अपेक्षित आहे. ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर गोळी चालू ठेवतात. १.२ चं १.५ झालं तर २५ टक्के, चालतंय, पुढं ते स्थिर राहतं का एवढं बघायचं. १.२ चं १.७ झालं तर ४० टक्क्यांच्या वर, तेव्हा थांबून कारण शोधतात: अंगात पाणी कमी पडलंय का, पेनकिलर चालू आहे का, किडनीच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे का. पण होतं काय, रिपोर्टवर १.५ ला लाल खूण बघून घरचे म्हणतात गोळीनं किडनी बिघडली, गोळी बंद. बंद केल्यावर क्रिएटिनिन परत १.२ येतं आणि मग तर खात्रीच पटते. गळती मात्र परत पहिल्यासारखी सुरू होते आणि काही वर्षांनी जेव्हा खरंच डायलिसिसची वेळ येते तेव्हा दोष त्याच गोळीला.

पोटॅशियम हा दुसरा आकडा आणि यात खरोखर जपायला लागतं, कारण जास्त वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि आधी काही कळतही नाही. साधारण ५ पर्यंत ठीक. ५.५ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ६ च्या वर असेल तर फोन वगैरे नाही, थेट ईसीजी होईल अशा हॉस्पिटलला. कधी कधी रक्त काढताना पेशी फुटून पोटॅशियम खोटं जास्त येतं, म्हणून डॉक्टर परत सॅम्पल मागतात, लॅबवाला पैसे काढतोय असं समजू नका. खरंच वाढलं असेल तरी लगेच सार्टन कायमचं बंद असं नाही, खाण्यातलं बघतात, लघवी वाढवणारी गोळी जोडतात, पोटॅशियम बांधणारी पावडर देतात, आणि शक्य तेवढी गोळी वाचवतात.

खाण्यातलं म्हणजे काय? सगळ्यात आधी ते "लो सोडियम" मीठ. बीपीवाल्यांसाठी चांगलं म्हणून मुलं शहरातून आणून देतात, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, सार्टन आणि अधू किडनीवर ते चालत नाही. शहाळ्याचं पाणी तसंच. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळी न्यायची पद्धत चांगली, पण पोटॅशियम ५.३ असलेल्या माणसाला नको.

एकत्र घ्यायचं नाही ते

प्रिल आणि सार्टन दोन्ही एकदम नाही. दोन्ही मिळून जास्त फायदा होईल असं वाटलं होतं, पण २००८ च्या आणि २०१३ च्या मोठ्या अभ्यासात किडनीला इजा आणि पोटॅशियम वाढणं हेच जास्त दिसलं, दुसरा तर मधेच थांबवला. आपल्या सीमाभागात ही चूक एका वेगळ्याच वाटेनं होते. हृदयाचं मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवलेलं, शुगरचं बेळगावला, आणि मधे गावातल्या डॉक्टरनं दिलेली एक स्ट्रिप. एका फाईलवर रामिप्रिल, दुसऱ्यावर टेल्मिसार्टन, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पेशंट दोन्ही इमानदारीत खातो. म्हणून फाईल नाही, स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, सगळ्या, जडीबुटीच्या पुड्या पण. स्ट्रिपवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात खरं औषध असतं, तिथं "प्रिल" किंवा "सार्टन" शेवट असलेलं एकच पाहिजे. नावापुढं एएम म्हणजे अम्लोडिपिन जोडलेलं, एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी असेल तर बहुतेक क्लोर्थॅलिडोन, या दोन्ही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. साध्या टेल्मिसार्टनच्या जागी एएमची स्ट्रिप आली तर ती "तीच गोळी" नाही.

पेनकिलर. यावर जरा चिडूनच लिहितो. गुडघा दुखतोय, ऊसतोड झाली, कंबर धरली, की "एक दुखायची गोळी द्या" आणि डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन चिठ्ठीशिवाय चार-चार दिवस. सार्टन, लघवीची गोळी आणि हे पेनकिलर अशी तिन्ही एकत्र आली की किडनी काही दिवसांत बसू शकते, आणि नाव परत बीपीच्या गोळीचंच. पॅरासिटामॉल मागा, प्रमाणात घ्या, शेक घ्या, मलम लावा, पण दुखण्याचं ते इंजेक्शन आणि वरच्या त्या गोळ्या नकोत. किडनी साफ करतो म्हणणारे भस्म-काढे पण याच रांगेत.

उलटी, जुलाब, दिंडी आणि जत्रा

रोजची गोळी चुकवायची नाही, पण काही दिवस असे असतात की ती घ्यायचीच नाही. जुलाब-उलट्या चालू आहेत, ताप आहे आणि पाणी पोटात टिकत नाही, अशा वेळी शरीरात पाणी कमी असतं आणि गाळणीला उरलेलं प्रेशर पण आपण गोळीनं उतरवत असतो. अशा दिवसांत प्रिल/सार्टन, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायला सांगतात, आणि नीट खाणं-पिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी परत सुरू. इन्सुलिन मात्र आपल्या मनानं बंद करायचं नाही. यातली तुमची कुठली गोळी थांबवायची हे बरं असतानाच डॉक्टरांकडून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, रात्री दोन वाजता उलट्या होताना कोण शोधणार.

आषाढीला दिंडीत चालत जाणारे, उन्हात सौंदत्तीला यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायाक्काला जाणारे, कडक उपवास करणारे, यांनी जायच्या आधी एकदा दाखवून जावं. पाणी कमी, चालणं जास्त, आणि वाटेत कोणीतरी दिलेली अंगदुखीची गोळी, हे त्रिकूट वाईट.

पुढच्या गोळ्या

एका गोळीत बीपी येईलच असं नाही, किडनीवाल्यांना दोन-तीन लागतात, त्यात अपमान काही नाही. अम्लोडिपिन चांगली गोळी आहे पण घोट्याला सूज आणते आणि लोक ती किडनीची सूज समजतात. क्लोर्थॅलिडोन किंवा टोर्सेमाइड ही लघवीची गोळी जोडली तर सोडियम-पोटॅशियम बघायला लागतं. प्रिलवर कोरडा खोकला लागू शकतो, आपल्या लोकांत जरा जास्तच. खोकल्याचं औषध महिना-महिना पीत बसायचं नाही, डॉक्टर सार्टन देतात आणि काही आठवड्यांत खोकला जातो. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर मात्र ताबडतोब हॉस्पिटल आणि प्रिल परत आयुष्यात नाही.

पोरीबाळींसाठी महत्त्वाचं: प्रिल आणि सार्टन गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला इजा होते. लग्न झालेली, चान्स घेणारी मुलगी असेल तर आधीच सांगा, लॅबेटॅलॉल, निफेडिपिन असे पर्याय आहेत. पाळी चुकल्यावर वाट बघत बसू नका.

टाइप २ वाल्यांना आता सार्टनच्या जोडीला डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन देतात, ईजीएफआर २० च्या वर असेल तर सुरू करता येतं. ही शुगरची गोळी म्हणून आली पण किडनीसाठी तिचा फायदा वेगळा सिद्ध झालाय, २०१९ नंतर एकामागून एक अभ्यास आले. हिच्यानं पण सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, आणि लघवीच्या जागी खाज-इन्फेक्शन होऊ शकतं म्हणून स्वच्छता पाहिजे. फिनेरेनोन ही किडनीसाठीची अजून एक गोळी, पोटॅशियम सांभाळून. दोन्ही सार्टनच्या जागी नाहीत, सोबत आहेत.

मीठ

दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. मीठ जास्त असलं की सार्टनचं काम अर्धवट राहतं. भाजीत मीठ कमी करून भाकरीबरोबर सांडगी मिरची, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे आणि चहात बुडवून खारी, मग कमी काय केलं? तांबड्या रश्श्याची वाटी दोनदा घेणाऱ्यांचं पण तेच. ठेचा करायचा तर मीठ निम्मं करा, लसूण वाढवा, जिभेला पंधरा-वीस दिवसांत सवय होते.

शुगर आपोआप उतरली तर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवाल्याची शुगर पथ्य न बदलता आपोआप कमी यायला लागली की घरात आनंद होतो. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, म्हणून असं होतं. त्यावेळी लगेच क्रिएटिनिन करा आणि शुगरचे डोस कमी करायचे का विचारा, नाहीतर रात्री शुगर खाली जाऊन माणूस बेशुद्ध. ईजीएफआर ३० च्या खाली मेटफॉर्मिन पण बंद करतात.

खर्चाचं म्हणाल तर टेल्मिसार्टन, लोसार्टन, अम्लोडिपिन जनऔषधीत स्वस्त मिळतात. सरकारी दवाखान्यातही बीपी-शुगरच्या गोळ्या देतात, फक्त तिथं गोळी बदलून मिळाली तर नाव वाचून जुनी स्ट्रिप बाजूला काढा. तिथं कन्नडमधून भराभरा सांगतात आणि आपली मोठी माणसं "हूं हूं" करून येतात, त्यामुळं सोबत कन्नड समजणारं कोणीतरी न्या किंवा सरळ सांगा, मराठीत लिहून द्या, बरेच जण देतात.

किडनीच्या डॉक्टरांकडं कधी जायचं? ईजीएफआर ३० च्या खाली गेला, एसीआर औषध चालू असून ३०० च्या वर राहतोय, पोटॅशियम सारखं चढतंय, तीन-चार गोळ्यांवर पण बीपी येत नाही, किंवा काही महिन्यांतच ईजीएफआर झपकन उतरला, यातलं एक जरी असेल तरी. नेफ्रॉलॉजिस्ट बेळगावात आहेत, कोल्हापूर-मिरजेत आहेत, जिथं जायला सोपं तिथं जावा, पण मग बीपीच्या गोळ्यांचा निर्णय त्या एकाच डॉक्टरकडं ठेवा आणि बाकीच्यांना त्यांची चिठ्ठी दाखवा.